बेटावरील गोठा

चोहोंकडे समुद्र, मध्ये एक लहानसे हिरवे बेट, त्यावर आपले घर, दाराशी दोन गाई आणि टेकडीच्या उतारावर पाचपंचवीस मेंढ्या, असे चित्र शहरात राहणाऱ्या मनुष्याच्या मनात केव्हा ना केव्हा उभे राहतेच. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते जून महिन्यातील आहे, एवढेच. त्याच बेटाचे जानेवारीतील चित्र ज्यास आधी पाहता येईल, त्यानेच तेथे जनावरे पाळावयास जावे. हे असे का, व त्या नव्या संसाराची पूर्वतयारी कशी करावी लागते, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणासाठी आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील हेब्रिडीज बेटे घेतली आहेत. स्कॉटलंडचे नाव महाराष्ट्रातील शाळांस नवे नाही. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन आणि पुढे नागपुरास शाळा काढणारे स्टीफन हिस्लॉप हे त्याच देशाचे. परंतु आपणांस तेथील पंडित आणि धर्मोपदेशक माहीत असतात. तेथील गाईमेंढ्यांवर पोट भरणारी माणसे माहीत नसतात.

प्रथम त्या भूमीची ओळख करून घेऊ. हेब्रिडीज बेटे विषुववृत्ताच्या उत्तरेस सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांच्या आसपास आहेत. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. लुइस बेटावरील स्टॉर्नोवे या गावी वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे मुंबईच्या पावसाच्या जवळजवळ निम्माच. मात्र आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. तेथला बाराही महिने थोडाथोडा येत राहतो, आणि त्याच्या जोडीस अटलांटिक महासागरावरून येणारा वारा असतो. त्या वाऱ्यापुढे झाडे फारशी टिकत नाहीत. बेटाच्या पोटात पीट नावाची काळी, ओली, आंबट माती असते. हजारो वर्षे न कुजता साचलेल्या शेवाळाचा व मुळ्यांचा हा थर कापून वाळविला की जळण होते. परंतु त्यावर उगवणारे गवत निकस असते. पश्चिम किनाऱ्यावर मात्र शिंपल्यांच्या चुऱ्याची चुनखडीयुक्त वाळू वाऱ्याने आत येऊन पसरलेली असते. अशा सपाट भूमीस माखर म्हणतात. उन्हाळ्यात ती फुलांनी भरून जाते, आणि जुन्या वहिवाटीप्रमाणे त्या दिवसांत जनावरे डोंगरावर पाठवून माखरावर पीक घेतात; हिवाळ्यात जनावरे पुन्हा खाली येतात.

या बेटांवरील शेतकऱ्याच्या लहान धारणेस क्रॉफ्ट व ती करणाऱ्यास क्रॉफ्टर असे नाव आहे. सर्वसाधारण क्रॉफ्ट दहाबारा एकरांचा असतो, आणि त्याच्याशी जोडून गावाच्या सामायिक गायरानात हक्क असतो. हा हक्क सहज मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांना माणसांच्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत अधिक लाभ दिसू लागला, आणि गावेच्या गावे उठविण्यात आली. १८२६ साली रम नावाच्या बेटावरील सुमारे तीनशे लोकांस जहाजांत घालून कॅनडाकडे पाठविण्यात आले व बेट मेंढ्यांसाठी मोकळे करण्यात आले. पुढे क्रॉफ्टरांनी प्रतिकार आरंभिला. १८८३ साली लॉर्ड नेपिअर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टराची जमीन त्याच्याकडून मनमानीने काढून घेण्यास बंदी झाली. खंड वाजवी असावा, जमीन वारसास मिळावी, आणि केलेल्या सुधारणांची भरपाई व्हावी, हेही त्याच कायद्याने ठरले. ज्या मेंढीसाठी माणूस घालविला गेला, तीच मेंढी पाळून तो आता त्या भूमीवर टिकून आहे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

म्हणून नव्या मनुष्याची पहिली तयारी कागदाची असते. आजही क्रॉफ्ट घेणे म्हणजे नुसते शेत विकत घेणे नव्हे. क्रॉफ्टराने आपल्या क्रॉफ्टवर किंवा त्यापासून ३२ किलोमीटरांच्या आत राहिले पाहिजे, जमीन कसली पाहिजे आणि ती ओसाड पडू देता कामा नये, असे कायद्याचे बंधन आहे. सुटीपुरते येऊन समुद्र पाहणाऱ्यासाठी ही व्यवस्था नाही. जनावर आणण्यापूर्वी धारणेची सरकारदरबारी नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. मेंढीच्या कानात बिल्ला असावा लागतो. तिचे येणेजाणे वहीत टिपावे लागते. आणि नवे जनावर आले की, काही अपवाद सोडता, १३ दिवस त्या धारणेवरील गाईमेंढ्या दुसरीकडे हलविता येत नाहीत. हा जाच वाटेल. परंतु २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा ती आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. कोणते जनावर कोठून कोठे गेले हे ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे त्या वर्षाने शिकविले.

दुसरी तयारी भूमीची. जाणते क्रॉफ्टर नवख्यास सांगतात की पहिले वर्ष जनावरांवाचून काढावे. त्या वर्षात पाणी कोठे साचते, वारा कोठून झोडपतो, कोणत्या कोपऱ्यात आडोसा मिळतो, गवत कोणत्या आठवड्यात वाढू लागते व केव्हा थांबते, हे पाहावे. मग कुंपण. आपल्या कोकणातील गडग्याप्रमाणे तेथेही चुन्यावाचून दगडावर दगड रचून भिंती घालतात. जुन्या भिंती ढासळलेल्या असतात, त्या उभ्या कराव्या लागतात. मेंढी भिंतीतील भगदाड मालकाच्या आधी शोधून काढते. नंतर जमिनीचा आंबटपणा घालविण्यासाठी किनाऱ्यावरील शिंपल्यांची वाळू, आणि खतासाठी वादळाने काठावर टाकलेले समुद्रशेवाळ. जनावरांस छपरापेक्षा वाऱ्याचा आडोसा अधिक लागतो. कोरडी थंडी तेथील गाय सहज सोसते. ओले अंग आणि त्यावर वारा हे मात्र तिची चरबी जाळून टाकतात.

या बाबतीत फ्रँक फ्रेझर डार्लिंग यांचे उदाहरण बोधप्रद आहे. हे गृहस्थ विद्वान प्राणिशास्त्रज्ञ होते. स्कॉटलंडच्या काळतोंड्या डोंगरी मेंढीच्या लोकरीवर त्यांनी एडिंबरो येथे प्रबंध लिहिला होता, आणि तांबड्या हरणांच्या कळपावरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सहकुटुंब समर बेटांपैकी टनेरा या बेटावर राहिले. तेथे पूर्वी हेरिंग मासे खारविण्याचे ठाणे होते. आता त्याचे पडके दगड तेवढे उरले होते. जनावरांच्या मागे लागण्यापूर्वी त्यांना हात घालावा लागला तो मोडक्या धक्क्याला. कारण बेटावर जे काही यावयाचे, दाणा असो, खिळे असोत की गाय असो, ते धक्क्यावरच उतरणार. बोट लागण्याची जागाच नसेल तर बाकीच्या योजना व्यर्थ होत. या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि युद्धकाळातच त्या भागातील क्रॉफ्टरांस शेतीविषयी सल्ला देण्याचे काम त्यांच्याकडे आले. मेंढ्यांचे शास्त्र जाणणाऱ्या या पंडिताला बेटाने प्रथम गवंडी बनविले.

आता मुख्य विषयाकडे वळू, तो म्हणजे वैरण. आपल्या देशावरील धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन घाट उतरतो, कोकणातील कापलेल्या भातखाचरांत कळप बसवितो, आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा देशावर परततो. गवत संपले की तो चालू लागतो. पायाखालची वाट हीच त्याची वैरणीची कोठी. बेटावरील मेंढपाळास ही वाट नाही. त्याच्या कुरणाची सीमा समुद्र आहे. गवत संपले तर ते मागविण्यास बोट हवी, आणि वादळात बोट दिवसच्या दिवस येत नाही. धनगर ज्या संकटावर पायांनी मात करतो, त्यावर बेटावरील माणसाला सहा महिने आधी हिशेबाने मात करावी लागते.

तो हिशेब आमच्या वर्गातील कोणताही विद्यार्थी करील इतका सोपा आहे. चारशे किलो वजनाच्या गाईस रोज सुमारे दहा किलो वाळलेले गवत लागते. नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे १८० दिवस, ती केवळ वैरणीवर राहिली तर एका गाईस १८०० किलो गवत झाले. दोन गाईंस ३६०० किलो. एवढे गवत आपल्या शेतात पिकेल काय? पिकले तर वाळेल काय? जेथे पाऊस बारमाही आहे, तेथे गवत कापणे सोपे आणि वाळविणे कठीण असते. पूर्वी लोक ते कुंपणावर टांगून वा लहान लहान गंज्या घालून वाऱ्यावर वाळवीत. आता पुष्कळ ठिकाणी ओलसर गवतच घट्ट गुंडाळून, हवाबंद करून आंबवितात. पिकले नाही तर मुख्य भूमीवरून विकत आणावे लागते, आणि बोटीचे भाडे मिळविले म्हणजे ते फार महाग पडते. हिशेब जुळला नाही, तर गाय आणावयाची नाही. एवढाच त्याचा अर्थ.

मेंढीचा हिशेब निराळा आहे. ती डोंगरावर हिवाळाभर जे मिळेल ते खुरडून खाते; परंतु विण्याची वेळ मनुष्याने साधावी लागते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. म्हणून नर मेंढा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कळपात सोडतात. म्हणजे कोकरे एप्रिलच्या उत्तरार्धात, नवे गवत फुटू लागताना जन्मास येतात. मेंढा महिनाभर आधी सुटला तर कोकरू मार्चच्या गारठ्यात जन्मते, आणि आईच्या कासेत दूध नसते. पोटातील कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या त्याच दिवसांत डोंगरावरचे गवत सर्वांत निकस असते. तेव्हा त्या सहा आठवड्यांचा दाणा वेगळा राखून ठेवावा लागतो. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत कोकराच्या पोटात चीक गेला पाहिजे. न गेल्यास रोगाशी झगडण्याची शक्ती त्यास मिळत नाही. पुष्कळ लहान बेटांवर जनावरांचा डॉक्टर राहत नाही. त्याला बोटीनेच यावे लागते. म्हणून अडलेले कोकरू हाताने वळविणे, निपचित पडलेल्यास नळीने चीक पाजणे, खुरे छाटणे, सुई टोचणे ही कामे पाळणाऱ्यास आधीच शिकून यावी लागतात. याकरिता नवख्याने बेटावर बिऱ्हाड नेण्यापूर्वी निदान एक विण्याचा हंगाम दुसऱ्याच्या कळपात चाकरी करून काढावा, हा सल्ला आम्हांस फार योग्य वाटतो.

जनावर कोणते निवडावे? भूमीने ज्यास घडविले आहे ते. लांब केसांची डोंगरी गाय, काळतोंडी मेंढी, लहान चणीची काळी हेब्रिडियन मेंढी ही जनावरे बाजारात थोडी किंमत आणतील. परंतु ती उपाशी दिवस जाणतात. यावर उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपैकी नॉर्थ रोनाल्डसे बेटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८३२ साली तेथील लोकांनी शेतजमीन राखण्यासाठी बेटाभोवती दगडी भिंत घातली आणि मेंढ्यांना भिंतीबाहेर समुद्रकाठी ठेवले. त्या मेंढ्या समुद्रशेवाळ खाऊन जगू लागल्या. ओहोटी आली की त्या चरतात, भरती आली की रवंथ करतात. सूर्याऐवजी समुद्र त्यांचे घड्याळ झाला आहे. शेवाळातून तांबे फार थोडे मिळत असल्यामुळे त्यांचे शरीर तांब्याचा कणन्‌कण धरून ठेवते, आणि म्हणून नेहमीच्या चांगल्या कुरणावर फार काळ ठेवल्यास त्यांनाच तांब्याची विषबाधा होते. एका जनावराचे अन्न दुसऱ्याचे विष होते, ते असे.

उलट प्रकारही आहे. माखराच्या चुनखडी वाळूत कोबाल्ट नावाच्या धातूचा अंश कमी असतो. तेथे गुडघाभर गवतात उभी असलेली मेंढी दिवसेंदिवस खंगत जाते. जुने लोक अशा कळपास काही काळ डोंगरावर हलवीत आणि मेंढ्या सुधारत. परंतु कारण कोणास ठाऊक नव्हते. १९३० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कोबाल्टचा हा गुण शोधून काढला, आणि आता अल्पशा मात्रेने तो रोग टळतो. ओल्या जमिनीत लहान गोगलगायींच्या द्वारे पसरणारे यकृतातील चपटे कृमी, आणि रानातील गोचिडी हेही शत्रू आहेत. कोणत्या शेतात कोणता शत्रू आहे, हे सांगणारा सर्वांत विश्वासू ग्रंथ म्हणजे शेजारचा म्हातारा क्रॉफ्टर होय.

येथेच तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत अवघड, तयारी येते: माणसांची. गायरान सामायिक असल्याने कोणी किती जनावरे सोडावी याचा वाटा ठरलेला असतो. एकाने लोभाने दहा मेंढ्या अधिक सोडल्या, तर त्या दहा सर्वांच्या गवतात तोंड घालतात. लोकर कातरण्यासाठी वा औषध देण्यासाठी डोंगर झाडून कळप खाली आणावा लागतो, तेव्हा सारा गाव आपापले कुत्रे घेऊन निघतो. एकट्या मनुष्याने हे काम होत नाही. जो दुसऱ्याच्या मेंढ्या हाकण्यास गेला नाही, त्याच्या मेंढ्या हाकण्यास कोण येणार? शिवाय केवळ जनावरांवर घर चालत नाही. बहुतेक क्रॉफ्टर मासेमारी, नोकरी किंवा घरच्या मागावर हॅरिस ट्वीड विणणे असा काही जोडधंदा करतात. घरची दोन माणसे कामावर गेली असता कळपाकडे कोणी पाहावे, हा प्रश्न शेजाऱ्यावाचून सुटत नाही.

माणसे उणी झाली म्हणजे काय होते, हे सेंट किल्डा या बेटाने जगास दाखविले आहे. बाह्य हेब्रिडीजच्या पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटरांवर हे बेट आहे. तेथील लोक शतकानुशतके समुद्रपक्षी व मेंढ्या यांवर जगले. १९३० साली तेथे ३६ माणसे उरली. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी सरकारास अर्ज केला की आम्हांस येथून न्यावे. त्यात त्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कित्येक तरुणांनी मुख्य भूमीवर कामास जाण्याचे ठरविले होते, आणि मेंढ्यांची राखण व विधवांचा सांभाळ त्यांच्यावरच अवलंबून होता. गवत होते, पाणी होते, मेंढ्याही होत्या. हात उरले नव्हते. ऑगस्टात गाईमेंढ्या बोटीने रवाना झाल्या. ज्या कुत्र्यांनी जन्मभर तो कळप राखला, त्यांना समुद्रात बुडविण्यात आले. २९ ऑगस्ट रोजी सकाळी, रिवाजाप्रमाणे, प्रत्येक घरात उघडे बायबल व ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवून लोकांनी दारे लावून घेतली आणि ते ‘हेअरबेल’ या जहाजावर चढले. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे वनखात्यात काम मिळाले. ज्या माणसांनी आपल्या बेटावर एक झाड पाहिले नव्हते, त्यांच्या हाती झाडांची राखण आली.

या कथेस एक उत्तरार्ध आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरील १०७ रानटी मेंढ्या आणून या ओसाड बेटावर सोडण्यात आल्या. त्यांचा कोणी धनी नाही. शास्त्रज्ञ त्यांची मोजदाद करतात. त्यांना चारा घालीत नाहीत. चांगल्या वर्षी त्यांची संख्या वाढत जाते, आणि मग एखादा कठोर हिवाळा असा येतो की निम्म्याहून अधिक मेंढ्या उपासाने मरतात. वसंतात उरलेल्यांस पुन्हा भरपूर गवत मिळते, आणि पुन्हा तोच क्रम सुरू होतो. कळप या रीतीने टिकतो, यात संशय नाही. परंतु तेथे हिशेब हिवाळा करतो, आणि तो प्राणांनी करतो.

मेंढपाळ असणे व नसणे यांतील भेद आम्हांस येथे स्पष्ट दिसतो. पाळणारा माणूस गवत निर्माण करू शकत नाही, वारा थांबवू शकत नाही. तो हिवाळ्याने करावयाचा हिशेब उन्हाळ्यातच आपण करतो. जितक्यांस पुरेल तितकीच जनावरे राखतो, अधिक झालेली शरदात विकतो, आणि राखली त्यांच्यासाठी दाणा, आडोसा व रात्रीचे जागरण आपल्या अंगावर घेतो. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टान्त आपण शाळेत वारंवार ऐकतो. त्या मेंढपाळास एक हरवले हे समजले कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्याने ती रोज मोजली होती, म्हणून.

आमच्या वाचकांपैकी हेब्रिडीज बेटांवर कोणी क्वचितच जाईल. परंतु गावी परत जाऊन चार शेळ्या, दोन म्हशी पाळण्याचा विचार पुष्कळांच्या मनात असेल, आणि तो विचार चांगला आहे. त्यांनी बाजारात जनावर पाहण्यापूर्वी चैत्र-वैशाखात आपली विहीर पाहावी, कडब्याची गंजी हाताने मोजावी, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात एक रात्र जागावी. त्यानंतरही मन तयार असेल, तर दावे विकत घेण्यास हरकत नाही.